गौरीसाठी गोळ्या

आज संध्याकाळी दादरला उतरले होते. वर पाऊस, खाली चिखल आणि त्यात गणपतीच्या खरेदीची गर्दी. माझी बीपीची गोळी संपली होती म्हणून केमिस्टकडे थांबले. माझ्यापुढे साधारण माझ्याच वयाच्या एक बाई होत्या आणि जरा लांब, पायरीखाली, त्यांची मुलगी. सतरा-अठराची असेल. बाईंनी काउंटरवर वाकून, आवाज अगदी खाली आणून सांगितलं, "पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या द्या. हिच्यासाठी. गौरी आहेत ना." त्या माणसानं चिठ्ठी विचारली नाही, मुलीला दुसरा काही त्रास आहे का तेही विचारलं नाही. पाकीट काढलं, कागदात गुंडाळलं, दिलं. जाता जाता बाई म्हणाल्या, "मागे वास्तुशांतीला दिलेल्या त्याच ना?"

म्हणजे ही पहिली वेळ नव्हे.

मी तोंड उघडलं नाही. पैसे दिले, लोकल पकडली आणि मुलुंड येईपर्यंत स्वतःवर चिडत राहिले. आता साडेअकरा वाजलेत आणि झोप येत नाहीये, म्हणून लिहितेय. लांबलं तर लांबू दे.

त्या गोळीत प्रोजेस्टेरॉनसारखं हार्मोन असतं. गर्भाशयाचं अस्तर सुटू नये म्हणून ते धरून ठेवतं. पाळीच्या तारखेआधी तीनेक दिवस सुरू करतात आणि थांबवली की दोन-तीन दिवसांत पाळी येतेच. एखादीला पूर्वी रक्तात गाठ झालेली असेल, यकृताचा आजार असेल, तर ही गोळी तिच्यासाठी नाही. हे दुकानाच्या काउंटरवर कोण बघणार? मान्य आहे, डॉक्टरला विचारून कधीतरी घेतली तर काही बिघडत नाही. परीक्षा असेल, ट्रेक असेल, मुलीला स्वतःला हवी असेल तर घेऊ दे की. पण त्या मुलीला कुणी विचारलं होतं? ती तिकडे पायरीखाली मोबाइलमध्ये डोकं घालून उभी होती.

मला तिथे माझी आत्या आठवली.

आत्या लालबागला चाळीत राहायची. दोन खोल्या, बाहेर गॅलरी, गॅलरीत दोरी. तिच्या तरुणपणी पाळीची फडकी त्या दोरीवर परकराच्या आत लपवून वाळत घालायची. ऊन म्हणून त्यांना कधी लागलं नाही, आणि पावसाळ्यात तर तशीच दमट परत वापरायची. मग खाज, मग अंगावरून पांढरं जाणं, आणि त्याच्यावर औषध काय, तर तांदळाचं धुवण. एक्कावन्नाव्या वर्षी पाळी गेली तेव्हा म्हणाली होती, "सुटले बाई एकदाची."

२००३ च्या श्रावणात, अठ्ठावन्नाव्या वर्षी, तिला साडीवर डाग दिसला. पाळी जाऊन सात वर्षं झालेली! तिनं जुन्या साडीची घडी घेतली आणि गप्प बसली. कारण गणपती तोंडावर होते. आमच्या घरी गौरीच्या नैवेद्याचा सगळा स्वयंपाक आत्याकडे असायचा. सांगितलं असतं तर तिला बाजूला बसवलं असतं. गौरी गेल्या, मग नवरात्र आलं, मग दिवाळी, मग मार्गशीर्षात माझं लग्न. माझं रुखवत तिनं मांडलं. मंगलाष्टकांच्या वेळी ती माझ्या मागे उभी होती, हिरव्या साडीत. त्या साडीखाली घडी होती, हे मला नंतर कळलं.

माघात ती न्हाणीघरात चक्कर येऊन पडली तेव्हा सगळं बाहेर आलं. गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर. तोवर पोटात पसरला होता.

आता हे मी ओरडून लिहितेय असं समजा. शेवटच्या पाळीला बारा महिने उलटले की पाळी गेली असं धरतात. त्यानंतर एक डाग जरी दिसला तरी डॉक्टरकडे जायचं. "जाता जाता येते कधी कधी" नाही, "उष्णता झाली असेल" नाही, सब्जा आणि कोकम सरबत नाही. बहुतेक वेळा साधंच कारण निघतं, आतली त्वचा कोरडी आणि पातळ झालेली असते. पण ते सोनोग्राफीत दिसू दे, गरज असेल तर अस्तराचा तुकडा तपासून कळू दे. हा कॅन्सर बऱ्याचदा अगदी सुरुवातीलाच रक्त दाखवतो. तेव्हा गेलं तर पिशवी काढून बहुतेक जणी बऱ्या होतात. आत्याच्या शरीरानं तिला श्रावणात सांगितलं होतं. श्रावणात!

आणि कृपा करून "जुन्या बायका अडाणी" असं कुणी म्हणू नका. आपल्या लेडीज डब्यात काय चालतं? आठच्या गाडीला निघायचं म्हणून सकाळपासून पाणी न पिणाऱ्या किती जणी आहोत आपण? मीही त्यातलीच, लघवीच्या इन्फेक्शनच्या अँटिबायोटिकचे कोर्स केलेत मी. बायकांना मुताऱ्या हव्यात म्हणून 'राइट टू पी' ची मोहीम याच शहरात २०११ मध्ये उभी राहिली, तरी अजून आपण तहान मारूनच फिरतो. पाळीत पोटात मरणाचं दुखणाऱ्या मुलीला "मूल झालं की थांबेल" आणि पीसीओडीवालीला "लग्न कर, आपोआप सुरळीत होईल". बायकांच्या डॉक्टरकडे लग्नाआधी गेलं की शेजारच्यांच्या भुवया वर. ऑफिसातली एक मुलगी रोज जंतुनाशक घालून आतून धुते, वास येऊ नये म्हणून. अगं, ती जागा स्वतःला स्वच्छ ठेवते, तिथले चांगले जंतूच तू मारतेस! बाहेरून साधं पाणी पुरतं. दह्यासारखं पांढरं जातंय आणि खाज सुटलीय, तर दाखव कुणाला तरी, केमिस्टची ट्यूब लावत बसू नकोस.

लसीचंही तेच. पुण्याच्या सीरमची लस २०२३ पासून मिळते, नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींना दोन डोस. ती आत्याच्या आजारावरची नव्हे, पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरवरची. मी एकीला सुचवलं तर म्हणाली, "एवढ्या लहान वयात कशाला असलं?" असलं म्हणजे काय? पोलिओचे डोस पाजताना विचारलंस का?

लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. त्या केमिस्टकडच्या बाईंचा तर खरं म्हणजे मला रागच नाही. घरी सासू असेल, जावा असतील, "हिची तारीख कधी?" विचारणाऱ्या असतील. मुलीला पूजेपासून लांब बसवायचं नाही म्हणूनच गोळी घेत असतील. आत्याचंही तेच होतं, तिलाही गौरीच्या जवळ राहायचं होतं. माहेरवाशीण म्हणून जिला आपण वाजतगाजत घरी आणतो, तिच्या जवळ.

पण त्या मुलीला आज काय कळलं? रक्त आलं की कुणाला विचारायचं नसतं, ढकलायचं असतं, आणि ते कागदात गुंडाळून मिळतं. २०१८ मध्ये पॅडवरचा जीएसटी गेला, त्याच वर्षी प्लास्टिकबंदीत काळी पिशवीही गेली, आणि त्या जागी वर्तमानपत्र आलं.

शेवटच्या दिवसांत मी आत्याला विचारलं होतं, मला तरी का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "तुझं लग्न होतं गं. आणि घावन-घाटलं कोण करणार होतं?"

या वर्षी गौरी दादाकडे आहेत. माझी भाची सोळा वर्षांची आहे, तिची तारीख नेमकी त्याच आठवड्यात येते. मघाशी वहिनीला फोन केला, म्हटलं गोळी देऊ नकोस, पाळी आली तर तिलाच आरतीचं ताट धरू दे. वहिनी थोडा वेळ गप्प होती, मग म्हणाली, "आईंना विचारते." आईशी मी उद्या सकाळी बोलणार आहे.