एक छत, एक फाटक

नगरपालिका, पोलीस ठाणं आणि अग्निशमन केंद्र यांचं एकत्रित संकुल बांधायचं तुमच्या मनात आलंय? अभिनंदन! आधी कोनशिलेवर किती नावं मावतील ते मोजून घ्या. नकाशा काय, नंतरही काढता येतो.

जागा नदीकाठची बघा. निळ्या पूररेषेच्या आतली असली तर उत्तमच, स्वस्तात पडते. ती रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, आणि तोवर तुमची बदली झालेली असते. सांगली-कोल्हापूरकरांना २०१९ बद्दल विचारायला जाऊ नका, उगाच वेळ खातील.

जनित्र तळघरात ठेवा. पाणी पहिलं तिथंच येतं.

भूकंपाचं भारतीय मानक क्र. १८९३ (आयएस १८९३) सांगतं की अग्निशमन केंद्रासारखी इमारत साध्या घराच्या दीडपट बलासाठी धरून बांधावी. हा दीडपट आकडा अंदाजपत्रकात जरूर घ्या आणि दर्शनी काचांवर खर्च करा.

सोसायट्यांकडून २००६ च्या महाराष्ट्राच्या आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे दर जानेवारी-जुलैत आगयंत्रणेचा दाखला मागत राहा. तुमच्या इमारतीचा कुणी मागितला तर ‘प्रक्रियेत आहे’.

आता मुख्य गोष्ट, फाटक. एकच ठेवा. घरपट्टीवाले, जन्मदाखलेवाले, तक्रारदार, साहेबांची गाडी आणि बंब, सगळे त्यातूनच. समता म्हणतात ती हीच. त्यातच आवारात अधूनमधून मांडव घाला. आमच्याकडे परवा घातला होता, नव्या घंटागाड्यांच्या लोकार्पणाचा. झेंडूच्या माळा घातलेल्या सहा गाड्या फाटकापासून बंबाच्या दारापर्यंत ओळीनं उभ्या. मी घरपट्टीच्या रांगेत, टोकन ८४. तेवढ्यात बायकोचा फोन आला, आपल्या इमारतीच्या मीटरच्या खोलीतून धूर येतोय. मी १०१ लावला. माझ्या कानात रिंग वाजली आणि समोरच्या खिडकीतही वाजली! मी खिडकीत बघतोय, आतला माणूस फोन उचलतोय, पत्ता लिहून घेतोय.

म्हणाला, “निघालोच साहेब.”

निघाला होताही बिचारा. दोन मिनिटांत बंब सुरू, माणसं चढलेली, सायरन चालू. आणि समोर झेंडूच्या माळा. पहिल्या घंटागाडीची चावी कुणाकडे? ड्रायव्हरकडे. ड्रायव्हर कुठं? नाश्त्याला. तिच्यामागे साहेबांची गाडी आडवी, तिच्यामागे रांगेतल्या लोकांच्या दुचाक्या, त्यात माझीही, हे कबूल करतो. लावायला दुसरी जागाच ठेवलेली नाही. मांडवातून ध्वनिक्षेपकावर आवाज येत होता, “एकाच छताखाली सर्व सुविधा!” सायरनमुळे भाषण नीट ऐकू येत नव्हतं, म्हणून एक कार्यकर्ता येऊन चालकाला म्हणाला, “जरा बंद करता का?”

जरा बंद करता का!

माझं घर तिथून चालत सात मिनिटांवर आहे. मी पळत गेलो. बंब माझ्यानंतर आला, चांगला वीस मिनिटांनी. तोवर पोरांनी शेजारच्या बांधकामावरची वाळू उपसून टाकली होती. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी गच्चीत बसून खोकत होत्या, जिन्यात काळा धूर भरलेला. मीटर सगळे वितळले. चार दिवस अंधार. कुणी दगावलं नाही, ते त्या वाळूमुळं, तुमच्या संकुलामुळं नव्हे.

अहो, सगळं एकत्र ठेवायला कुणाचा विरोध आहे? एकाच फेरीत चार कामं होत असतील तर आम्हाला हवंच आहे. पण बंबाला स्वतःचं दार लागतं, थेट रुंद रस्त्यावर उघडणारं. त्याच्यापुढं पार्किंग नको, रांग नको, मांडव तर नकोच नको. शाळेतल्या पोराला खेळण्यातला बंब दिला तर तोही त्याच्यासमोर ठोकळे रचत नाही. तुम्ही मात्र सल्लागार नेमलात, अभ्यासदौरा केलात, आराखडा तीनदा बदललात, आणि त्या तीनही आराखड्यांत एकाच्याही डोक्यात आलं नाही की आग लागल्यावर ही गाडी बाहेर कशी पडणार? लाज वाटायला हवी.

घरपट्टीच्या बिलात ‘अग्निशमन कर’ अशी वेगळी ओळ आहे. तो भरायलाच त्या दिवशी मी रांगेत होतो. दुसऱ्या दिवशी परत गेलो, नवं टोकन घेतलं, भरला. पावती माझ्याकडे आहे. बंबाच्या दारासमोरची कंपाउंडची भिंत कधी पाडताय, ते सांगा.