सरकार खात नाही

कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, आमचं चांदीचं छोटं दुकान आहे, वडिलांपासूनचं. पैंजण, जोडवी, निरांजनं, देवाचे टाक असला माल. गिऱ्हाईक आलं की आधी काट्याकडं बघतं, मग माझ्या तोंडाकडं, आणि दोन्हींवर विश्वास बसला तरच पैंजणाला हात घालतं. गेल्या डिसेंबरात एका सकाळी त्या काट्यावर प्लॅस्टिकची टोपली होती, टोपलीत पोट भादरून सहा टाके घातलेलं गिनीपिग होतं, आणि समोर नातवाच्या बारशाला वाळे घ्यायला मुरगूडहून आलेल्या आजी होत्या.

"हे बी विकायला ठेवलंयसा व्हय?" आजींनी विचारलं.

"नाही हो आजी, ते आमचं सरकार आहे," मी म्हणालो. खुलासा होईल असं वाटलं होतं. झाला नाही.

हे जनावर घरात आणलं पोरीनं, अकरावीत असताना. "पप्पा, सगळं मीच करणार" या वाक्यावर जगात किती जनावरं बापांच्या गळ्यात पडली असतील याचा हिशोब कोणी ठेवलेला नाही. बारावी झाली, पोरगी इंजिनिअरिंगला पुण्याला गेली, आणि तिच्या खोलीत तिचा कॅरम, तिचं ट्रेकिंगचं पोतं आणि हे राहिलं. तिनं त्याचं नाव ठेवलं होतं मोका. कॉफीच्या रंगाचा म्हणून. आई म्हणाली, "मोक्का? त्यो गुंडांस्नी लावत्यात न्हवं?" आणि आईनंच त्याचं बारसं नव्यानं केलं. दिवसभर काही काम करायचं नाही, नुसतं बसून राहायचं, आणि खायची वेळ झाली की असं ओरडायचं की घरातली चारी माणसं उठून पळाली पाहिजेत. सरकार.

नाव बसलं. पुढं त्याचा जो त्रास झाला तो मलाच झाला.

नोव्हेंबरच्या शेवटी सरकार लघवीला बसलं की बारीक किंचाळायला लागलं. खालच्या फडक्यावर लालसर डाग दिसला. आमच्याकडं जनावरांचा डॉक्टर म्हणजे म्हैस, गाय, फार तर कुत्रं. पण एक तरुण डॉक्टर असली किरकोळ जनावरंही बघतात असं कळलं. त्यांनी एक्स-रे काढला. काळ्या फिल्मवर मूत्राशयाच्या जागी पांढराशुभ्र ठिपका. मूतखडा. गिनीपिगना हे दुखणं बऱ्यापैकी होतं म्हणे. खडा कॅल्शियमचा असतो म्हणून एक्स-रेत लख्ख दिसतो, आणि मोठा झाला की आपोआप निघत नाही, पोट उघडूनच काढावा लागतो.

शेजारच्या तात्यांना हे पटलं नाही. तात्या म्हणजे जुने तालमीतले. त्यांच्या मते हुलग्याचं माडगं आठ दिवस पाजलं असतं तर खडा विरघळून गेला असता. त्यांच्या मेव्हण्याचा गेलाय.

ऑपरेशनच्या आदल्या रात्री आईनं सरकारच्या पुढ्यातलं गवत काढून घेतलं. तिचं पित्ताशय काढलं तेव्हा तिला रात्रीपासून उपाशी ठेवलं होतं, तो राग अजून आहे. मी डॉक्टरांना फोन केला तर ते जवळजवळ ओरडलेच. या जनावराला उलटी करताच येत नाही, त्यामुळं माणसासारखं उपाशी ठेवायचं कारण नाही. उलट पोट रिकामं राहिलं तर तोच धोका. गवत परत ठेवा. आई म्हणाली, "बघ, सरकार हाय म्हणून. मला घोटभर च्या दिला न्हाई."

ऑपरेशन छान झालं. डॉक्टरांनी तो खडा डबीत घालून हातात दिला. तुरीच्या दाण्याएवढा, खरबरीत. माझा हात सवयीनं काट्याकडं गेला. ४२० मिलिग्रॅम. म्हणजे जुन्या मापात जवळजवळ साडेतीन गुंजा. एवढ्या वजनाची नाकातली चमकी मी हौसेनं विकली असती.

खरं प्रकरण सुरू झालं ते घरी आणल्यावर. डॉक्टरांनी बजावलं होतं, "टाक्यांची काळजी आहेच, पण त्याहून खाण्याची. याची आतडी सतत चालती राहिली पाहिजेत. दहाबारा तास पोटात काही गेलं नाही तर ती थांबायला लागतात, आणि एकदा थांबली की जनावर हाती लागणं अवघड. स्वतः खात नसेल तर भरवायचं. दर चार तासांनी. रात्रीसुद्धा."

दुसऱ्या दिवशी मी दुकानातून बायकोला फोन केला. तिचं उत्तर ऐकून घाबरून जरा मोठ्यानंच बोललो, "काय सांगतेस? सरकार खात नाही?"

गुजरीत शांतता पसरली. समोरचा सराफ काम टाकून उठून आला. "कुठलं सरकार म्हणालासा?" मागून आणखी एक जण म्हणाला, "खात न्हाई असलं अजून जन्माला यायचंय." त्या दिवसापासून मी शटर उघडायच्या आत कोणीतरी विचारायचंच, "काय शेट, सरकार पडलं का हाय?"

हाय होतं, पण खात नव्हतं.

भरवायची रीत अशी. त्याच्या चाऱ्याच्या गोळ्या बारीक कुटायच्या, कोमट पाण्यात भिजवून पिठल्यासारखं सैलसर करायचं, आणि टोक कापलेल्या, बिनसुईच्या एक मिलीच्या सिरिंजनं तोंडात घालायचं. एका वेळी बारा सिरिंज. पहिल्या दिवशी गोळ्या मिक्सरला लावल्या. पण कोल्हापुरातल्या मिक्सरच्या भांड्याला कांदा-लसूण चटणीचा वास नाही असं होत नाही. सरकारनं वास घेतला, दोनदा शिंकलं आणि कोपऱ्यात तोंड करून बसलं. शेवटी आईच्या औषधाचा पितळी खल काढला. मग मला वाटलं सिरिंज कशाला, आपण चांदीवाले, दुकानातून नवंकोरं बोंडलं आणलं. तान्ह्या बाळांना चालतं, याला का नाही? बोंडल्याचं नाक त्याच्या तोंडापेक्षा मोठं निघालं. ते पिठलं त्याच्या मिशांवरून, हनुवटीवरून खाली आलं आणि सरकारनं माझ्याकडं असं बघितलं, जसं मी भर दुपारी एखाद्या ऑफिसात जाऊन अर्जावर तिकीट लावायला विसरलोय.

परत सिरिंज. टॉवेलात पक्कं गुंडाळायचं, नुसतं डोकं बाहेर. मांडीवर घ्यायचं, पोट दाबायचं नाही. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये रिकामी जागा असते, तिथून बाजूनं सिरिंज आत घालायची. समोरून घातली आणि घाईनं दाबली तर फुप्फुसात जाईल. थेंबभर घालायचं, तो चावेपर्यंत थांबायचं. तो चावतो. फार हळू चावतो. मधेच थांबून विचार करतो. बारा सिरिंजांना चाळीस मिनिटं. रात्री दोनचा गजर लागला की मी आणि बायको स्वयंपाकघरात, एकजण सरकार धरून, दुसरा सिरिंज भरून. लेकीच्या तान्हेपणी मी रात्री कधी उठलो नव्हतो, हे बायकोनं त्या आठवड्यात मला सलग चार रात्री सांगितलं. पाचव्या रात्री बोलली नाही, झोप लागली होती तिला, बसल्या जागी.

दोन औषधं होती. दुखणं थांबायचं गोडसर. ते तो सिरिंज ओढून घेऊन प्यायचा. अँटिबायोटिक कडूजहर, त्याची सिरिंज दिसली की टॉवेलातल्या टॉवेलात उलटा व्हायचा. दोन्ही सिरिंज सारख्याच दिसतात, पण त्याला लांबून कळायचं कुठली आहे. कसं ते मला अजून कळलेलं नाही.

एका रात्री साडेतीनला मला जाग आली म्हणून टॉर्च मारून बघितलं. सरकार आडवं, निपचित, डोळे सताड उघडे. माझ्या पोटात गोळा आला. बायकोला हलवलं, तिनं आईला हलवलं, आईनं देवापुढं दिवा लावायला घेतला. मी पोरीला पुण्याला फोन लावला. गळा भरून आला होता, शब्द फुटेना.

"पप्पा, ते डोळे उघडे ठेवूनच झोपतात," ती म्हणाली. "साडेतीन वाजलेत."

हे तिनं दोन वर्षांत एकदाही सांगितलं नव्हतं. तेवढ्यात टॉर्चच्या उजेडानं सरकार उठलं आणि चौघांनाही झोपमोड केल्याबद्दल दात वाजवून दाखवले. चौथी फोनवर होती, तरी तिनं ऐकलं.

आत गेलेलं बाहेर येतंय का, हेही बघायचं होतं. लेंड्या मोजून ठेवा, बारीक होत चालल्या तर कळवा, असा हुकूम. पहिले दोन दिवस जवळजवळ काहीच नाही. आई म्हणाली, "सरकारी काम, सहा म्हैनं थांब." तिसऱ्या दिवशी आल्या. मी भिंग डोळ्याला लावून, चिमट्यानं एकेक उचलून, पांढऱ्या फडक्यावर ओळीनं मांडल्या. ज्या चिमट्यानं आयुष्यभर मंगळसूत्राच्या वाट्या धरल्या, त्यानं. (चिमटा नवा घेतलाय, गिऱ्हाइकांनी काळजी करू नये.) त्यातल्या मऊ लेंड्या तो स्वतःच वाकून परत खातो, तेही त्याच्या तब्येतीला लागतं, त्यातून त्याला जीवनसत्त्वं मिळतात. आईनं हे पहिल्यांदाच नीट बघितलं. पदर तोंडाला लावून म्हणाली, "लोकांचं खाऊन झालं, आता आपलंच खायाला लागलं."

गवताचाही घोळ झाला. आमचा दूधवाला दिलदार माणूस. आजारी जनावर आहे म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी भारा भरून हिरवागार लसूणघास घेऊन आला, पैसे घेईना. नेमका तोच बंद होता. त्यात कॅल्शियम भरपूर, खडा परत धरायचा. पालकही बंद. त्याऐवजी बाहेरून मागवलेलं वाळकं टिमोथी गवत, किलोला साडेपाचशे रुपये. दूधवाल्यानं ते हातात घेऊन चोळलं, हुंगलं, किंमत विचारली आणि माझ्याकडं बघत म्हणाला, "मालक, एवढ्यात आमची म्हस आठवडाभर जेवती की."

तात्यांची मदत चालूच होती. ऑपरेशनच्या माणसाला अशक्तपणा असतो, तर वाटीभर पांढरा रस्सा द्या. रस्सा चालत नाही? मग गुऱ्हाळावरची ताजी काकवी द्या. तीही नाही? मग एक दिवस खिशातून कॅप्सूलची पट्टी काढली, दाढ दुखत होती तेव्हाची उरलेली. अमॉक्सिसिलिन. मी ती हिसकावूनच घेतली. डॉक्टरांनी लाल शाईनं लिहून दिलं होतं, पेनिसिलिनच्या घराण्यातलं काही पोटात जाऊ देऊ नका. आतड्यातले चांगले जंतू मरतात आणि मागोमाग जनावरही. तात्या दुखावले. जाता जाता म्हणाले, "आणि हे मूळचं कुठलं म्हणं?"

"पेरू देशातलं. तिकडच्या डोंगरातलं."

"तिकडं काय करत्यात ह्याचं?"

मी खोटं बोलायला हवं होतं. "खातात," म्हणालो.

तात्या परत येऊन बसले. बराच वेळ सरकारकडं बघत होते. माझ्या देखत त्यांच्या मनात वाटण भाजलं जात होतं.

पेरूवरून आठवलं. माणसासारखंच या जनावरालाही अंगात सी जीवनसत्त्व तयार करता येत नाही, बाहेरूनच द्यावं लागतं. १९०७ साली नॉर्वेच्या होल्स्ट आणि फ्रोलिख यांना गिनीपिगमध्येच स्कर्व्ही दिसला आणि पुढं या जीवनसत्त्वाचा शोध लागायला तो प्रयोग कामी आला. म्हणजे याच्या खापरपणज्यांनी आपल्यासाठी हिरड्या सुजवून घेतल्यात. जखम भरायला डॉक्टरांनी रोजचे ३० मिलिग्रॅम सांगितले होते. कपिलतीर्थ मंडईतून ढबू मिरची आणली, आणि पेरूही. पेरूच्या पाहुण्याला पेरू. जास्त गोड चालत नाही, म्हणून दुकानातल्या काट्यावर बरोबर १५ ग्रॅमची फोड तोलायचो. सहाव्या दिवशी ती फोड त्याच्या नाकापुढं धरली. नाक हललं. मिशा हलल्या. पुढचा पाय फोडीवर ठेवून त्यानं एक कतरा तोडला. करकर असा आवाज आला. बायको पाठ फिरवून ओट्यावरचं स्वच्छ पातेलं घासायला लागली.

वजनं मी चोपडीतच लिहीत होतो, दुसरी वही हाताशी नव्हती. ऑपरेशनआधी ९४० ग्रॅम, मग ९१२, ९०१, ८९६, ८९९. शेजारी भरवल्याची नोंद. जानेवारीत आमचे सीए आले, पानं चाळता चाळता थांबले, चष्मा काढून पुसला, परत घातला.

"शेट, हे काय? सरकार, सकाळी १२, दुपारी १२, संध्याकाळी १२, रात्री १२?"

"ते भरवलेलं आहे."

"रोज?"

"दर चार तासांनी. तेव्हाच जगलं ते."

त्यांनी पेन खाली ठेवलं, उठून दुकानाचं दार लोटलं आणि हळू आवाजात विचारलं, "कुठल्या खात्याचं?"

दहाव्या दिवशी टाके निघाले. अकराव्याला मी फ्रीज उघडला, कोथिंबिरीची पिशवी चुरचुरली आणि आतल्या खोलीतून अशी शिट्टी आली की आई देवपूजेत दचकली. गेले दीड आठवडे ऐकू न आलेली शिट्टी. मी मुठीभर कोथिंबीर घेऊन धावलो. चिरीमिरी द्यावीच लागते.

बाराव्या दिवशी टोपली घेऊन शेवटचं वजन करायला दुकानात गेलो. काटा शून्य केला, सरकार ठेवलं. ९४१. मी मोठ्यानं वाचलं, समोरच्या सराफानं दोन्ही हात वर केले. तेवढ्यात मुरगूडच्या आजी आल्या. वाळे नातवाला घट्ट होत होते, मोठे बदलून पाहिजे होते.

"काय, सरकार खातंय का न्हाई आता?" त्यांनी टोपलीत डोकावून विचारलं.

"खातंय आजी. भरपूर खातंय."

"मग झ्यालं की," म्हणत त्यांनी वाळ्यांची पुडी सोडली, हात काट्यापर्यंत नेला आणि मधेच थांबल्या.

"आधी काटा पुसा."