नोटीस बोर्डावर माझी साखर

काल आमच्या कंपनीच्या कॅन्टीनच्या दाराशी आरोग्य शिबिराची यादी लावली. नाव, टोकन नंबर, वजन, कंबर, उपाशीपोटी साखर. ज्याचा आकडा जास्त, त्याच्या नावावर लाल मार्कर. माझ्यापुढे १२२. दुपारपर्यंत पॅकिंगची पोरं मला "शुगरवाले आप्पा" म्हणायला लागली. अरे, रक्त माझं आहे! ते भिंतीवर चिकटवायला मला विचारलं का कुणी? बायकांच्या नावापुढेसुद्धा कंबरेचा घेर सेंटिमीटरमध्ये लिहिलाय. एक ताई ती यादी बघून न जेवताच परत गेली. लाज कशी वाटत नाही या लोकांना?

आणि कसलं डोंबलाचं उपाशीपोटी! आम्ही रात्रपाळीचे. दोन वाजता कॅन्टीनचा भात खाल्ला आणि सकाळी सातला गेटवरूनच रांगेत उभं केलं. निदान आठ तास पोट रिकामं लागतं, हे मी त्या सुई टोचणाऱ्या पोराला सांगितलं. तर म्हणे, "काका, तुम्ही हात पुढे करा." पत्रकावर यांनीच छापलंय की १०० ते १२५ म्हणजे प्रीडायबेटिस, मधुमेहाच्या आधीची पायरी. मग त्या भाताचा हिशोब कुणी धरायचा? एचबीएवनसी करा म्हटलं, तिला उपाशी राहावं लागत नाही, तीन महिन्यांची साखर कळते. तर एचआरवाले साहेब म्हणतात, बजेट नाही. टी-शर्टला बजेट आहे, फुग्यांना आहे. रक्त दिल्यावर नाश्त्याला जिलबी, कचोरी आणि पाकासारखा चहा, त्यालाही आहे.

मग पडद्यावर पुण्याच्या डाएटिशियन मॅडम. ओट्स खा, किनोआ खा. जळगावात कोण खातं किनोआ? मी विचारलं, कळण्याची भाकरी चालेल का, ज्वारी-उडदाची? मॅडमना कळणा माहीतच नाही. "रोटी कमी करा," झालं उत्तर.

वर दहा हजार पावलांची स्पर्धा. मोबाईल गेटवर जमा करून घेतात, मग रात्रभर मशीन ते गोडाऊन जी पायपीट होते ती त्या ॲपमध्ये कशी मोजणार? घरी जाऊन चाला म्हणे. मे महिन्यात, ४५ अंशांत! मागे योग दिनालाही असंच सुट्टी मोडून बोलावलं होतं, साहेबांचे फोटो निघाले आणि चटया परत गेल्या.

दर आठवड्याला पाळी फिरवता, झोपेचं वाटोळं करता. त्यानेच साखर, बीपी बिघडतं, हे कोणताही डॉक्टर सांगेल. पाळी महिनाभर तरी एक ठेवा, कॅन्टीनमध्ये भाताबरोबर भाकरी द्या, एवढंच आम्ही कधीपासून मागतोय. त्यावर एक मीटिंग घेतली नाही.

आज लेखी अर्ज दिलाय, यादी काढा म्हणून. पोच घेतलीय. उद्या पाळीवर जाताना ती भिंतीवर दिसली तर मी स्वतः फाडणार, मग मेमो देवोत नाहीतर घरी बसवोत.