एसएनडीटीची पदवी म्हणे ‘चालत नाही’!

माझ्या मावसबहिणीच्या लेकीला बारावीनंतर मुंबईला एसएनडीटीत, म्हणजे श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात शिकायचंय. तालुक्याच्या गावातून एकदम मुंबई, म्हणून घरात धाकधूक होतीच. त्यात भाऊजींच्या फोनवर तो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा भलामोठा मेसेज येऊन थडकला आणि फॉर्म भरायचं काम अडलं. तुमच्याकडेही आला असेल. महिला विद्यापीठ म्हणजे समानतेच्या नावाखाली पुरुषांवर अन्याय, अशी सुरुवात. मग आरोप असे: पदवी सरकारी नोकरीला चालत नाही, पुरुषांना प्रवेश नाही हे घटनेच्या विरुद्ध, शिकवतात काय तर स्वयंपाक आणि शिवण, मुली आता मुलांच्या पुढे आहेत त्यामुळे गरजच संपली, आणि सगळ्या बायकाच असताना लैंगिक छळाची तक्रार समिती कशाला.

आधी पदवीचं बघू, कारण फॉर्म त्यावरच अडलाय. एसएनडीटी हे राज्याचं सार्वजनिक विद्यापीठ आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ हा जो कायदा मुंबई आणि पुणे विद्यापीठाला लागू, तोच याला लागू. यूपीएससी असो की एमपीएससी, कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठाची पदवी लागते, आणि ती ही आहे. ‘चालत नाही’ म्हणणाऱ्याने कुठल्या परीक्षेला, कुठल्या नियमाने, ते एका ओळीत लिहायला हवं होतं. लिहिलेलं नाही.

ही आवई कुठून उठली असेल याचा मात्र अंदाज येतो. धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली हे विद्यापीठ काढलं ते सरकारी मान्यतेशिवाय. जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका त्यांच्या हाती आली होती, त्यावरून त्यांनी ही कल्पना घेतली. शिक्षण मातृभाषेतून द्यायचं, इंग्रजी फक्त एक विषय, हा त्यांचा हट्ट. पदवीचं नावसुद्धा बी.ए. नव्हतं, ‘गृहीतागमा’ होतं; मुली नावापुढे जी.ए. लावत. १९२० साली उद्योगपती विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाखांची देणगी दिली, त्यांच्या आईचं नाव विद्यापीठाला लागलं, पण सरकारी मान्यतेचा प्रश्न पुढे कित्येक वर्षं लोंबकळत राहिला. तेव्हा हो, एकेकाळी या पदवीमागे सरकारी शिक्का नव्हता, एवढं मान्य. तो १९५१ साली मिळाला. पणजीच्या वेळची अडचण पणतीच्या फॉर्मला चिकटवायची, याला काय म्हणावं?

आता घटना. मेसेजवाल्याने कलम १५ चा उल्लेख केलाय आणि लिंगावरून भेदभाव नको म्हणणारं पहिलं पोटकलम वाचून पुस्तक मिटलंय. त्याच कलमाचं तिसरं पोटकलम सांगतं की स्त्रिया आणि मुलांसाठी राज्याने विशेष तरतूद केली तर हे कलम आड येणार नाही. संपलं. आणि अन्यायाचंच बोलायचं तर केंद्र सरकारचं २०२१-२२ चं उच्च शिक्षण सर्वेक्षण उघडा. देशात विद्यापीठं १,१६८, त्यातली फक्त महिलांची १७. उरलेली १,१५१ पुरुषांना पुरत नाहीत काय?

त्याच सर्वेक्षणात ‘मुली पुढे’ या म्हणण्याला थोडा आधार सापडतो, तोही सांगून टाकते. १८ ते २३ वयाच्या मुलींच्या संख्येशी तुलना करता उच्च शिक्षणात नोंदणीचं प्रमाण २८.५ टक्के, मुलांचं तसंच २८.३. म्हणजे पाव टक्क्याहूनही कमी आघाडी, आणि तेवढ्यावर दुकान बंद करायला निघालेत! इंजिनिअरिंगच्या वर्गात बघा, मुली एक तृतीयांशही नाहीत. शिकवणाऱ्यांमध्ये शंभर पुरुषांमागे ७७ बायका. शिवाय सर्वेक्षण मोजतं ते प्रवेश घेतलेल्यांना. ‘मुलींचं कॉलेज असेल तरच पाठवू’ म्हणणारं घर त्यात दिसत नाही. ही अट मला पटते असं नाही, पण त्या घरातली मुलगी माझं पटेपर्यंत थांबणार आहे का?

स्वयंपाक-शिवणाचं फार लांबवत नाही. जुहूच्या आवारात १९९७ पासून इंजिनिअरिंग कॉलेज आहे. फार्मसी, नर्सिंग, कायदा, ग्रंथालयशास्त्र हे वेगळंच. गृहविज्ञानही आहे, आणि त्यातलं पोषणशास्त्र शिकून मुली हॉस्पिटलांत आहारतज्ज्ञ होतात. कर्व्यांच्या मूळ कल्पनेत मात्र बाईचं शिक्षण बरंचसं घराभोवती फिरत होतं, हे नाकारता येत नाही. पण विद्यापीठ तिथेच थांबलं नाही. समाजशास्त्रज्ञ नीरा देसाईंनी १९७४ साली स्त्री-अभ्यासाचं संशोधन केंद्र इथेच उभं केलं, देशातलं अशा प्रकारचं पहिलं.

समितीचा मुद्दा वाचून तर मी कपाळाला हात लावला. बायकांचं विद्यापीठ म्हणजे काय अंतराळात आहे? प्राध्यापक पुरुष आहेत, लिपिक, शिपाई, वॉचमन आहेत, मुलगी इंटर्नशिपला जाते त्या कंपनीत साहेब आहे. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, लैंगिक छळाबद्दलचे २०१५ चे नियम प्रत्येक उच्च शिक्षण संस्थेला लागू आहेत. काही पुरुष आणि तृतीयपंथी विद्यार्थीही छळाला बळी पडतात हे त्यांत स्पष्ट लिहिलंय. समिती नको म्हणणाऱ्याला नक्की कोणाची काळजी आहे?

बरं, टीकाच करायची होती तर विषय कमी नव्हते. कर्व्यांच्या पुण्याजवळच्या हिंगण्याच्या विधवांसाठीच्या आश्रमात सुरुवातीला प्रामुख्याने ब्राह्मण विधवाच होत्या. ‘महिलांसाठी’ म्हटलं की सगळ्या महिला आपोआप आत येत नाहीत, हे तेव्हाही खरं होतं. आजही कुठल्याही महिला विद्यापीठाला विचारावं: शिष्यवृत्तीचे पैसे फी भरायच्या आत येतात का, वसतिगृहात गावाकडच्या मुलीला जागा मिळते का, व्हीलचेअरवरची मुलगी दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गात कशी पोचते, ट्रान्स मुलीने अर्ज केला तर खिडकीवरचा माणूस तिला काय सांगतो. त्या लांबलचक मेसेजात यातला एकही प्रश्न नाही.