‘स्वतः तपासलं तेवढंच खरं?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

औशाच्या एका वाचकाने मागच्या लेखाला चांगलंच धारेवर धरलं आहे. आपल्याला जे ठाऊक असतं त्यातलं बहुतेक दुसऱ्याने सांगितलेलं असतं आणि त्यात कमीपणा काही नाही, असं त्या लेखात म्हटलं होतं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : सोयाबीनचं बोगस बियाणं आणि बेचक्याची काठी फिरवून जमिनीतलं पाणी सांगणारे पाणाडे यांनी मराठवाड्यातला शेतकरी बुडवला, त्याला विश्वास ठेवायला सांगणं म्हणजे आंधळेपणा शिकवणं, स्वतः तपासलं तेच ज्ञान, बाकी सगळं ऐकीव.

दादा, राग रास्त आहे. पण तुमचंच सोयाबीनचं उदाहरण घेऊ, कारण तिथे स्वतः तपासणं खरंच जमतं आणि ते प्रत्येकाने करावंच. पिशवीच्या वरचे, मधले, तळाचे दाणे एकत्र करून त्यातून न निवडता 100 दाणे मोजायचे. इथेच बहुतेकांचं चुकतं. हात आपोआप टपोऱ्या दाण्याकडे जातो आणि उगवण फुगते. गोणपाट भिजवून पिळून घ्यायचं, दहा-दहाच्या ओळी लावायच्या, वर दुसरं ओलं गोणपाट टाकून गुंडाळी सावलीत ठेवायची. पाणी शिंपडायचं, ओतायचं नाही. सोयाबीनचं टरफल नाजूक, जास्त पाण्याने दाणा कुजतो आणि दोष बियाण्यावर जातो. सहा-सात दिवसांनी उघडून धडधाकट कोंब तेवढे मोजायचे. नुसतं मूळ फुटलेला किंवा वाकडातिकडा कोंब धरायचा नाही. 70 निघाले तर एकरी 30 किलो पुरे. 60 निघाले तर त्याच हिशेबाने 35. त्याहून खाली गेलं तर ते बियाणं पेरूच नये.

आता यात तुम्ही डोळ्यांनी काय पाहिलंत? 100 दाणे. एकराच्या बियाण्यात दोन-अडीच लाख दाणे असतात. खरी उगवण 70 असली तरी एका गुंडाळीत 62 येऊ शकते, 78 सुद्धा. प्रयोगशाळा 400 दाणे लावते ते यासाठीच. म्हणजे या बाबतीत तिचा कागद तुमच्या एका गुंडाळीपेक्षा भरवशाचा, ऐकीव असूनही. शिवाय सोयाबीनचा हा वाण एमएयूएस-71 आहे की जेएस-335, हे दाणा बघून खात्रीने सांगता येत नाही. आणि 70 ही हद्द, एकरी 30 किलो, 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय चाड्यावर मूठ धरू नका, हे तुम्ही कुठे तपासलंत? ते परभणीच्या विद्यापीठाकडून, कृषी खात्याकडून आलं. तुमची तपासणीही अशी दुसऱ्यांच्या शब्दांवर उभी आहे.

न्यायदर्शन ही तर्काचा विचार करणारी आपली जुनी तत्त्वज्ञान-परंपरा. तिने शब्द, म्हणजे दुसऱ्याचं सांगणं, हे वेगळं प्रमाण, म्हणजे ज्ञानाचं साधन मानलं ते भाबडेपणाने नाही. बौद्ध आणि वैशेषिक या दुसऱ्या परंपरा म्हणत की हे शेवटी अनुमानच; तो वाद मोठा आहे, इथे नको. कामाची आहे ती नैयायिकांची अट : सांगणारा आप्त हवा, म्हणजे नातलग नव्हे, भरवशाचा. त्याला ती गोष्ट नीट कळलेली हवी आणि कळली तशीच सांगायची इच्छा हवी. भाष्यकार वात्स्यायन तर म्हणतो की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखंच लागू. जात-पदवी बघू नका, या दोन गोष्टी बघा.

तुमची दोन उदाहरणं इथे वेगळी होतात. तुम्ही दोघांना एकाच पोत्यात भरलंत. बोगस बियाणं विकणाऱ्या दुकानदाराला बहुधा ठाऊक असतं, पण माल खपवायचा असतो. पाणाड्या पुष्कळदा प्रामाणिक असतो, त्याला कळलेलंच नसतं. आपल्याकडे खाली बेसॉल्ट. पाणी असतं ते वरच्या झिजलेल्या मुरमाड थरात, भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात. बेचकी न फिरवताही काही बोअरना ते लागणारच. लागलेल्या बोअरची कीर्ती गावभर होते, कोरडा गेलेला बोअर दगड टाकून बुजवतात आणि त्याचा विषय निघत नाही. म्हणून पाणाड्याला काही विचारू नका. शेजारच्या शिवारात किती फुटांवर लागलं, किती कोरडे गेले आणि मे महिन्यात मोटर किती वेळ चालते, हे बोअरवाल्यांना विचारा. सप्टेंबरचं पाणी कोणीही सांगेल.

‘पाच जणांनी सांगितलं’ यालाही भुलू नये. पाचही जणांनी व्हॉट्सअॅपवरचा एकच मेसेज वाचलेला असेल तर साक्षीदार एकच, आणि तोही कोण ते माहीत नाही.

दुकानदाराचं काय करायचं? त्याचा शब्द कागदावर आणायचा. पिशवीला शिवलेला निळा टॅग म्हणजे प्रमाणित बियाणं, बीज प्रमाणीकरण यंत्रणेने पडताळलेलं. हिरवा टॅग म्हणजे सत्यप्रत, तिथे उगवणीचा शब्द कंपनीचा स्वतःचा. तो खोटाच असतो असं नाही, पण गोणपाटाची चाचणी आधी त्याची करा. लॉट नंबर टाकलेलं पक्कं बिल घ्या. पिशवी खालच्या बाजूने फोडा, म्हणजे वरची शिलाई आणि टॅग शाबूत राहतो. मूठभर बियाणं त्याच पिशवीत ठेवून द्या. उगवलं नाही तर तालुक्याच्या तक्रार समितीचा पंचनामा शेत पाहून होतो, पण बिल, टॅग, पिशवी आणि उरलेलं बियाणं हे चारही मागतात. टॅग फाटला की तो माल आमचा नव्हेच म्हणायला कंपनी मोकळी.