सिम्बॉल म्हणजे खासगी प्रॉपर्टी नव्हे

सांगलीतल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक संदेश फिरतो आहे आणि मुलाखतीच्या तयारीसाठी मुले तो पाठ करत आहेत, म्हणून त्याला सविस्तर उत्तर देणे मला आवश्यक वाटते. संदेशाचे म्हणणे असे आहे : जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेत ऑब्जेक्टमधल्या प्रॉपर्टीची किल्ली, म्हणजे तिचे नाव, सिम्बॉल (अद्वितीय ओळखमूल्य) असली की ती प्रॉपर्टी खासगी होते, क्लासमधले हॅश चिन्हाचे (# ने सुरू होणारे) खासगी फील्ड ही त्याचीच नवी लेखनपद्धत आहे, कारण कोड चालवणारे इंजिन आतून सिम्बॉलच वापरते, शिवाय हॅश फील्ड मंद असून प्रॉक्सीसोबत (ऑब्जेक्टवरचे व्यवहार अडवणाऱ्या मध्यस्थासोबत) बिघडते, तेव्हा सिम्बॉलच वापरावा.

पहिले विधान सरळ चुकीचे आहे. २०१५ च्या मानकात आलेला सिम्बॉल अद्वितीय असतो, गुप्त नसतो. किल्ल्यांची यादी देणाऱ्या ऑब्जेक्ट.कीज मध्ये तो दिसत नाही, एवढ्यावरून तो लपलेला आहे असा समज होतो, पण रिफ्लेक्ट.ओनकीज किंवा ऑब्जेक्ट.गेटओनप्रॉपर्टीसिम्बॉल्स कोणीही चालवले की सगळे सिम्बॉल त्याच्या हाती येतात. मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडत्यासाठी आम्ही पट्टी (विक्रीचा हिशेब) काढणारा छोटा प्रोग्राम लिहिला होता. शेतकऱ्याने घेतलेली उचल फक्त हिशेबाच्या क्लासला दिसावी, या हेतूने ती आम्ही सिम्बॉलखाली ठेवली. पट्टी छापणाऱ्या भागाने तीन टिंबांच्या स्प्रेडने त्या ऑब्जेक्टची प्रत घेतली आणि उचल प्रतीतही गेली, कारण स्प्रेड आणि ऑब्जेक्ट.असाइन सिम्बॉलखालच्या प्रॉपर्टीही सोबत नेतात. तोच ऑब्जेक्ट जेसन करून (मजकुराच्या रूपात आणून) साठवला, तेव्हा मात्र उचल गळाली आणि पुढच्या पट्टीतून ती वजाच झाली नाही. जेसनमध्ये हॅश फील्डही जात नाही, हे खरे. पण ते बाहेरून वाचताच येत नसल्यामुळे साठवणीचा कोड क्लासच्या आतच लिहावा लागतो आणि विसरण्याची जागा कमी होते.

दुसऱ्या विधानात अर्धे सत्य आहे, म्हणून ते अधिक फसवे आहे. क्रोमच्या व्ही८ इंजिनात हॅश फील्डसाठी खासगी सिम्बॉल नावाचा अंतर्गत प्रकार खरोखरच वापरतात आणि फायरफॉक्सच्या स्पायडरमंकीतही खासगी नाव सिम्बॉलच्याच जातीचे आहे. इंजिन लिहिणाऱ्यांना हे सोयीचे आहे, कारण ऑब्जेक्टची ठेवण नोंदवणारी यंत्रणा आणि एकदा सापडलेली जागा लक्षात ठेवणारा इनलाइन कॅश त्यांना आयता मिळतो. पण साठवण सारखी असली म्हणून अर्थ सारखा होत नाही. त्या किल्लीवर एक खूण असते आणि ती पाहून इंजिनाला ठिकठिकाणी वेगळे वागावे लागते : किल्ल्यांच्या यादीतून तिला वगळायचे, प्रोटोटाइपच्या (वारशाच्या) साखळीत वर शोधत जायचे नाही, फील्ड नसेल तर अनडिफाइंड न देता टाइपएरर फेकायची, तेच फील्ड दुसऱ्यांदा घालू द्यायचे नाही, आणि ऑब्जेक्ट फ्रीझ केलेला, म्हणजे बदलांसाठी गोठवलेला, असला तरी फील्डमधली रक्कम बदलू द्यायची.

याहून मोलाचा फरक असा की ही किल्ली प्रोग्रामच्या हातात मूल्य म्हणून कधी पडतच नाही. जावास्क्रिप्टला देवनागरी नावे चालतात, म्हणून #उचल हेच उदाहरण घेऊ. क्लासच्या कंसांबाहेर ते लिहिले तर कोड वाचतानाच सिंटॅक्सएरर येते आणि त्या फाइलची एकही ओळ चालत नाही. चौकटी कंसात अवतरणचिन्हे देऊन '#उचल' लिहिले, तर ती त्या नावाची साधी प्रॉपर्टी ठरते. खासगी फील्डशी तिचा काहीही संबंध नसतो. क्लास तयार करणारे फंक्शन दोनदा चालवले, तर दोन्ही वेळी नवी किल्ली घडते आणि एका क्लासला दुसऱ्याचे #उचल वाचता येत नाही. सिम्बॉल मात्र चलात ठेवता येतो, दुसऱ्याला देता येतो, परतही करता येतो.

मंदपणाची तक्रार एके काळी रास्त होती. जुन्या ब्राउझरांसाठी बेबल हे कोड-रूपांतराचे साधन हॅश फील्डचे रूपांतर वीकमॅपमध्ये (ऑब्जेक्टबाहेरच्या वेगळ्या नोंदवहीत) करत असे, आणि व्ही८ मध्येही फील्ड पहिल्यांदा भरण्याचे काम इनलाइन कॅशविना होत असे. ९.७ आवृत्तीत ते सुधारले. आज तेवढ्या कारणासाठी हॅश टाळण्यात अर्थ नाही.

प्रॉक्सीबद्दलचे निरीक्षण बरोबर आहे, निष्कर्ष चुकला आहे. प्रॉक्सी हा स्वतंत्र ऑब्जेक्ट आहे. #उचल मूळ ऑब्जेक्टवर आहे, प्रॉक्सीवर नाही, म्हणून प्रॉक्सीवरून ते फील्ड वाचणारी मेथड बोलावली की टाइपएरर येते. वेबपाने बनवण्याचे फ्रेमवर्क व्ह्यू ३ प्रॉक्सीवर उभे असल्याने तिथे हा त्रास खरोखर होतो. पण इंजिनाने प्रॉक्सीच्या गेट सापळ्याला (वाचन अडवणाऱ्या फंक्शनला) ती किल्ली दिली असती, तर प्रॉक्सी बनवणाऱ्या कोणालाही ती मिळाली असती आणि खासगीपण तिथेच संपले असते. सिम्बॉलच्या बाबतीत नेमके हेच घडते : सापळ्याला खुद्द सिम्बॉल मिळतो. ऑब्जेक्टमधल्या गोष्टी एकेक करून देण्यासाठी असलेल्या अंगभूत सिम्बॉल.इटरेटरसाठी तेच हवे असते, कारण तिथे हेतू नावांची टक्कर टाळण्याचा आहे, लपवण्याचा नाही.

विद्यार्थ्यांनी हे सगळे स्वतः पडताळावे, फक्त ते फाइलमध्ये लिहून नोडने (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रामने) चालवावे; क्रोमच्या डेव्हटूल्सचा कन्सोल डीबगिंगच्या सोयीसाठी खासगी फील्डही दाखवतो आणि ते पाहून पुन्हा तोच गैरसमज होतो.