आबा समोर बसलेत, तरी हयात नाहीत!

दरवर्षी तेच. आमचे आबा लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झाले, आता ऐंशी पार. हयातीच्या दाखल्यासाठी अंगठा टेकवायचा, आणि शेतात झिजलेला तो अंगठा मशीनला काही केल्या दिसत नाही. "नीट पुसून ठेवा." अहो, पुसून रेषा उगवतात का? चेहरा दाखवूनही दाखला निघतो, हे काउंटरवरच्या पोराला आम्हीच सांगायचं! ऐंशी पूर्ण झाली की मूळ पेन्शनवर २० टक्के जादा मिळतात, तेही कुणी आपणहून बोलत नाही.

आणि आईचं नाव! लष्कराच्या रेकॉर्डला 'अनुसया', आधारवर 'अनसूया'. उद्या कौटुंबिक पेन्शनची वेळ आली की त्या एका उकारापायी म्हातारीला हेलपाटे. आबांच्या सहीनं आत्ताच दुरुस्त करून घ्यावं म्हटलं, तर काउंटरवाले म्हणतात रेकॉर्ड ऑफिसला लिहा, रेकॉर्ड ऑफिसवाले म्हणतात जिल्हा सैनिक कार्यालयातून या. लष्करी पेन्शनच्या 'स्पर्श' पोर्टलचा ओटीपी जातोय कधीच्या बंद पडलेल्या नंबरवर. वर ऐकवतात, "हे आधीच का नाही केलंत?" आधी म्हणजे कधी, १९७१ ला सीमेवरून?